लिफ्ट सगळ्यांची, पाळणाघर मात्र काकूंचं

मंडळी, या शनिवारी ना नवीन फोनचं कौतुक, ना रिलीजच्या रात्रीचे किस्से. आज भांडायचंय. चहा घेऊन बसा, कारण लांबण लागणार आहे.

तर विषय असा. आमच्या सोसायटीतलं पाळणाघर मेअखेर बंद होतंय. कोथरूडमधली साधी, जुनी, ४० फ्लॅटांची सोसायटी. आता रिडेव्हलपमेंटला निघालीये. पाळणाघर चालतं तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये. फ्लॅटचे मालक परदेशात, आणि काकू तिथे गेली एकोणीस वर्षं भाड्याने. दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा नवा कागद. इमारत पडली की मालकांना नवा फ्लॅट, वाढीव कार्पेट आणि मधल्या काळाचं भाडं. आम्हा सगळ्या सभासदांनाही तेच, वर कॉर्पसची रक्कम. काकूंना? शून्य. कारण कागदावर त्या फक्त लायसन्सी. आणि तिथे येणारी २० मुलं, त्यांचे आईबाप, सांभाळणाऱ्या ४ मावश्या, हे तर कुठल्याच कागदावर नाहीत.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. माझी अडीच वर्षांची मुलगी तिथे जाते. आणि मी त्याच सोसायटीचा सभासद आहे, म्हणजे वाढीव हॉल मलाही मिळणारे. इमारत पाडू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. जिन्यातलं प्लास्टर पडतंय, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी डॉक्टरकडे जायचं असेल तरच खाली उतरतात. नवी इमारत हवीच. माझं भांडण वेगळं आहे. विशेष सर्वसाधारण सभेत पार्किंगवर पावणेदोन तास चर्चा झाली. स्टॅक पार्किंग की पोडियम, दुसरी गाडी असेल तर काय, पाहुण्यांच्या गाड्या कुठे, इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग कोणाच्या मीटरवर. पाळणाघरावर किती वेळ? मी विषय काढला म्हणून चार मिनिटं. ठराव झाला नाही. मिनिट्समध्ये ओळसुद्धा नाही.

त्या चार मिनिटांत जी उत्तरं मिळाली ती एकेक करून घेतो. कारण ही उत्तरं फक्त आमच्या सोसायटीची नाहीत. पार्ल्यात, डोंबिवलीत, नाशकात, जिथे जिथे जुन्या इमारती पडतायत तिथे हीच ऐकू येतील.

उत्तर पहिलं : "अहो, पाळणाघर काय, कुठेही मिळेल."

कुठे, काका? मी आणि बायकोने तीन शनिवार फिरून बघितलं. चालत जाण्यासारख्या अंतरावर जी दोन चांगली आहेत तिथे वेटिंग लिस्ट. एक संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. हिंजवडीहून निघणाऱ्या माणसाने साडेपाचला कोथरूडला पोचायचं तर चार वाजता लॅपटॉप बंद करायला हवा. करून बघा, आणि मग अप्रेझलमध्ये काय होतं ते मला कळवा.

पाळणाघर म्हणजे पिझ्झा नव्हे, की इथला नाही तर तिथला. दीड वर्षाचं मूल एका मावशीच्या अंगावर झोपायला शिकतं त्याला दोन-तीन महिने लागतात. माझी मुलगी घरी भाजीला तोंड लावत नाही, तिथे पंगतीत बसून मुकाट्याने दुधीभोपळा खाते. कोणाला तापात झटका येतो, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाचे बाबा जहाजावर असतात म्हणून तो सोमवारी जास्त रडतो, हे सगळं काकूंच्या डोक्यात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर एकोणीस वर्षांचा डेटा, आणि बॅकअप कुठेही नाही. ऑफिसमधला सर्व्हर असा एकाच माणसाच्या भरवशावर असता तर आपण दंगा केला असता.

उत्तर दुसरं : "मागणी असेल तर बाजार पुरवेल."

हे आमच्याच वयाच्या एका सभासदाचं. आमच्याच धंद्यातला. म्हणून याला जरा सविस्तर उत्तर देतो.

विल्यम बॉमोल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. चार वादकांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांनी जेवढ्या वेळात वाजवली, आजही तेवढाच वेळ आणि तेवढेच वादक लागतात. कारखान्यात एक माणूस आज पूर्वीच्या दसपट माल काढतो, वादक काढत नाही. पण वादकालाही आजच्याच भावाने तांदूळ घ्यावा लागतो. म्हणून अशा कामांचा खर्च बाकी गोष्टींच्या तुलनेत वाढतच जातो. यात कोणाचा नालायकपणा नसतो, कामाचा स्वभावच तसा असतो.

पाळणाघर याचंच उदाहरण. मांडीवर एका वेळी दोन मुलं मावतात. तिसरं रडायला लागलं की दुसरी मावशीच लागते. इथे क्लाउड नाही, ऑटोस्केलिंग नाही.

आता हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेत, पण भागातला कोणीही पालक सांगेल की फार चुकीचे नाहीत. २० मुलं, महिना ५,००० रुपये फी, म्हणजे १ लाख. चार मावश्यांचे १३,००० प्रमाणे ५२,०००. भाडं २५,०००. खाणं, गॅस, वीज, साबण, डायपरचा कचरा, मोडलेली खेळणी मिळून १२,०००. उरले ११,०००. हा काकूंचा पगार, नफा, आजारपणाची तरतूद, सगळं एकत्र. आता नव्या इमारतीत तळमजल्याला दुकानाच्या भावाने ६०,००० भाडं लावा. ३५,०००चा खड्डा. मुलामागे १,७५० वाढ. आपल्यातले काही जण देतीलही. पण ज्या बाईचा पगार २२,००० आहे, जी बँकेत कंत्राटी काम करते किंवा दवाखान्यात रिसेप्शनला बसते, ती नाही देऊ शकत. ती नोकरी सोडते. मग मुलं वीसाची चौदा होतात, आणि खड्डा आणखी मोठा. पाळणाघरं अशीच बंद पडतात. कोणी बंद करत नाही, हळूहळू गळून जातात.

बाजाराने मोठ्या प्रमाणावर हे करून बघितलंय, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात एबीसी लर्निंग नावाची शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती, हजाराहून जास्त केंद्रं चालवायची. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. केंद्रं उघडी राहावीत म्हणून सरकारला पैसे ओतावे लागले, आणि २०१० मध्ये त्यातली साडेसहाशेच्या आसपास केंद्रं गुडस्टार्ट या ना-नफा गटाने चालवायला घेतली. वाढत होती तोवर झकास, पडली तेव्हा सकाळी मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न भागधारकांना नाही, पालकांना पडला.

उत्तर तिसरं : "आता तर कायदाच आहे, कंपनीने द्यायचं."

कायदा आहे, खरंय. तो काय आहे तेही बघू. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आपल्याकडे पाळणाघराची तरतूद आहे. पण तिथे मोजणी बायकांची होती. सुरुवातीला पन्नासाहून जास्त, १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिसाहून जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर. म्हणजे मूल हे जणू फक्त बाईचं. आणि शहाण्या मालकाला सरळ संदेश, की बायकांचा आकडा तिसाच्या पुढे जाऊ देऊ नका :)

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं, कर्मचारी पुरुष असोत की स्त्रिया. ही खरंच चांगली सुधारणा. तीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये. पण दिवसातून चार वेळा मुलाला भेटून यायची मुभा कायद्याने दिलीये ती आईला. बापाला नाही. एवढं सगळं बदललं, हे नाही सुचलं.

माझा मुद्दा त्याहून साधा आहे. ऑफिसातलं पाळणाघर कोणाच्या उपयोगाचं? पावसाळ्यात चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये दोन वर्षांच्या मुलाला रोज तास-तास नेणार आहात? आईची नोकरी बदलली की मुलाचं पाळणाघरही बदलायचं? आणि पन्नासाहून कमी माणसांच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी, घरकाम करणाऱ्यांनी, रिक्षावाल्यांनी, दुकानात उभं राहणाऱ्यांनी काय करायचं? पाळणाघर घराजवळ लागतं. चालत जाता येईल इतकं जवळ, आजोबांना चार वाजता जाऊन आणता येईल इतकं जवळ.

अंगणवाडी? २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती मोठी गोष्ट होती, आजही आहे. पण अंगणवाडी दिवसाचे काही तास चालते. नऊ ते सात नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी ती आखलेलीच नाही. नोकरदार गरीब आयांसाठी २००६ मध्ये केंद्राची वेगळी पाळणाघर योजना आली. त्यात ९० टक्के पैसा केंद्र देई. जानेवारी २०१७ पासून तो ६० टक्क्यांवर आणला, बाकीचा भार राज्यांवर आणि संस्थांवर. त्यानंतर अनेक पाळणाघरं पैशाअभावी बंद पडली. आता मिशन शक्तीखाली 'पाळणा' नावाने अंगणवाडी-सह-पाळणाघरं काढायचं चाललंय. चांगलंच आहे. पण कोथरूडच्या पडणाऱ्या इमारतीत ते मेअखेरीपर्यंत पोचणार नाही.

उत्तर चौथं : "आमच्या वेळी नव्हती ही थेरं. घरी आजी-आजोबा नाहीत का?"

हे ऐकल्यावर खरं तर उठून जायचं होतं. बसून राहिलो.

काका, तुमच्या वेळी पाळणाघर होतं. तुमच्या घरातच होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईला पगार नव्हता. तिचं नाव काकू असं होतं, किंवा वहिनी, किंवा आई. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात असं दिसलं, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. आणि यात स्वैपाक-धुणी-भांडी धरलेली नाहीत, ती वेगळी. आजीची साठीनंतरची वर्षं फुकट धरून चालायची आणि वर त्याला संस्कार म्हणायचं, हे मला पटत नाही. आमच्याकडे एक आजी साताऱ्यात स्वतःची शेती बघते, दुसरीचे गुडघे बदललेत. दोघींनी एकेका नातवंडाच्या मागे धावावं ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता या चारही उत्तरांच्या मुळाशी काय आहे ते बोलतो. आपण पाळणाघराला काकूंची खाजगी हौस समजतो. "त्यांना मुलांची आवड आहे हो," असं म्हणतो. आवड आहेच. पण प्लंबरला पाण्याची आवड आहे म्हणून आपण त्याला नळाची लाइन देत नाही. पाणी सगळ्या इमारतीला लागतं म्हणून देतो. सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी सव्वासात त्या फ्लॅटमध्ये २० मुलं असतात म्हणून शहरात ४० माणसं कामावर जाऊ शकतात. यात एक नर्स आहे, एक पीएमपीची कंडक्टर आहे, कोर्टात टायपिंग करणारी आहे आणि माझ्यासारखे सात-आठ संगणकवाले आहेत. एक जून उजाडला की यातल्या काही जणी घरी बसतील. बघा, मी "जणी" लिहिलं. "जण" लिहायला हात धजावला नाही, कारण घरी कोण बसणार हे तुम्हालाही माहितीये.

लिफ्टचं उदाहरण घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट नियम आहे : लिफ्टचा देखभाल खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. तळमजल्यावाल्यानेही. हा नियम ऐकून पूर्वी तळमजलेवाले भांडले असतील, आता कोणी फारसं भांडत नाही. लिफ्ट ही इमारतीची आहे हे सगळ्यांनी मान्य केलंय. पार्किंगचंही तेच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कुठल्या आकाराच्या फ्लॅटांमागे किती चारचाकी आणि किती दुचाकी यांची जागा हवी याचा तक्ता आहे. गाडी घ्यायच्या आधी गाडीची जागा ठरलेली. फ्लॅटांमागे किती मुलांची जागा हवी, असा तक्ता त्यात नाही. टू बीएचके बांधतो तेव्हा त्यात मूल येणार हे बिल्डरला, महापालिकेला आणि आपल्याला माहीत नसतं का? ब्रोशरवर तर मूल असतंच, हसरं, फुगा धरलेलं!

हे पाश्चात्य फॅड आहे असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी डहाणू तालुक्यात कोसबाडला जाऊन यावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. जिथे मूल आहे तिथे सोय न्यायची, हा विचार मराठी मातीतलाच आहे. आपण चारचाकीच्या बाबतीत तो पाळतो, मुलांच्या बाबतीत विसरलो.

आणि पालकांनी एकत्र येऊन काय होतं याचंही उदाहरण आहे. इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात १९४५ च्या वसंतात, युद्ध संपून काही दिवस झाले असताना, गावकऱ्यांनी माघार घेणाऱ्या जर्मनांनी टाकून दिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लहान मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. पडक्या घरांच्या विटा वापरल्या. आज त्या शहराच्या बालशाळा बघायला जगभरचे शिक्षक जातात. पण या गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. पालकांच्या उत्साहावर ते टिकलं नाही. १९६३ मध्ये नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा उघडली, पुढे पालकांनी चालवलेल्या शाळाही ताब्यात घेतल्या. उत्साहाला पाच-सात वर्षांचं आयुष्य असतं, कारण आपलं मूल मोठं झालं की आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडतो. म्हणून जागा आणि पैसा संस्थेकडेच हवा, सोसायटी असो की महापालिका.

तर माझा प्रस्ताव. तो सभेत वाचू दिला नाही, म्हणून इथे देतो.

एक. बिल्डरबरोबरचा विकास करार अजून सहीचा व्हायचाय. त्यात तळमजल्यावर, वेगळ्या दाराची, संडास आणि छोटं स्वैपाकघर असलेली एक खोली सोसायटीच्या मालकीची म्हणून लिहून घ्या. जिम आधीच लिहून घेतलीये. जिममध्ये पहिल्या वर्षानंतर किती जण जातात ते आपण सगळे जाणतो.

दोन. ती खोली पाळणाघराला आजच्याच भाड्यात द्या. वरच्या हिशोबातला ३५,०००चा फरक ४० फ्लॅटांत वाटला तर दर फ्लॅटमागे महिना ८७५ रुपये. आणि हा खर्च खिशातून जात नाहीये. जी जागा अजून बांधलीच नाही तिचं न मिळालेलं भाडं आहे ते. ज्यांना मुलं नाहीत त्यांनी का द्यायचं? तळमजल्यावाला लिफ्टचे का देतो, म्हणून.

तीन. मधल्या तीन वर्षांसाठी जागा. नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसकडे, समाजमंदिराकडे, दुपारनंतर रिकाम्या असणाऱ्या शाळांच्या वर्गांकडे लेखी अर्ज. तोंडी नाही, लेखी. पोच घ्यायची.

चार. हे आपल्या बिरादरीसाठी. संहितेत अशी सोय आहे की कंपनीने स्वतःचं पाळणाघर काढायलाच हवं असं नाही, अनेक आस्थापना मिळून एक सामाईक पाळणाघर चालवू शकतात, महापालिकेचं, संस्थेचं किंवा खाजगी पाळणाघरही वापरू शकतात. एचआरला विचारा : आमच्या वस्तीतल्या पाळणाघराशी करार का नाही करत? आणि बाबा लोकांनी विचारा. नेहमी एखादी आईच विचारते, मग तिच्याच नावापुढे खूण होते.

आणि एक पाचवी गोष्ट, जी सभेत मांडली असती तर लोक हसले असते. इमारत पडल्यावर तिथे बांधकाम मजूर येतील, त्यांच्याबरोबर त्यांची मुलं. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत अशीच बांधकामावर धुळीत पडलेली बाळं बघितली आणि मोबाइल क्रेशेस सुरू केलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, तीही पन्नासाहून जास्त स्त्री कामगार असतील तर. आमच्या साइटवर पन्नास बायका कधीच नसणार. म्हणजे जिथे आज २० मुलं दुपारी झोपतात, त्याच जागेवर वर्षभराने कोणाचं तरी बाळ वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत असेल. करारात एक पत्र्याची शेड आणि एका मावशीचा पगार लिहून घेणं बिल्डरला जड नाही. मागायला मात्र आपणच हवं. काकूंच्या चार मावश्यांपैकी दोघी हे काम करायला तयार आहेत, मी विचारलंय.

असो. पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे, करारावर सह्या तिथे होणार. तोवर ४० पैकी २१ सभासदांच्या सह्या गोळा करायच्यात, सध्या ९ झाल्यात. त्यातली एक तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची. लिफ्टची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे, आणि सगळ्यात आधी सही त्यांनीच केली. तुमच्या सोसायटीत असं काही चालू असेल तर वरचे चार मुद्दे खुशाल उचला, नाव द्यायची गरज नाही. फक्त ठराव लेखी द्या, आणि मिनिट्समध्ये आलाय का ते बघा.